चौकटीतली झावळी

पपांचा रंधा बंद पडला तेव्हा आळीतल्या दोन-चार जणींना मनातून हायसं वाटलं असणार, याची मला खात्री आहे. पपा वागळे इस्टेटमधल्या एका ओतकामाच्या कारखान्यात लाकडी साचे करायचे, आणि सुटीच्या दिवशी घरी सुतारकाम. रविवारची मिस्सा आटोपून देवळातून आले की शर्ट खुंटीला, लुंगी कमरेला, आणि अंगणात खर्र खर्र सुरू, ते आई जेवायला हाक मारीपर्यंत. आम्ही ठाण्याचे जुने ख्रिस्ती. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. फिरंग्यांनी आमच्या पूर्वजांवर पाणी शिंपडलं तेव्हा एवढा शब्द तेवढा धुऊन काढायचा राहून गेला. आमची आळी नौपाड्यापासून हाकेच्या अंतरावर, पण नौपाड्यातली मंडळी आमच्याकडे यायची ती लाकूडकामापुरती. कुणाचा पाट मोडला, कुणाला नवा देव्हारा हवा, कुणाच्या दाराची चौकट वाळवीने खाल्ली. ठाण्यातले निम्मे देव बस्त्यावमेस्त्रींनी केलेल्या देव्हाऱ्यात बसतात, असं माझा भाऊ डेनिस म्हणायचा, आणि पपा खूश होऊन त्याच्या डोक्यात टपली मारायचे. भुसा उडून कुणाच्या पापडांवर बसायचा, कुणाचं तान्हं उठायचं, मग दारात येऊन भांडणं. आम्ही त्या आवाजातच वाढलो, त्यामुळे तो आवाज आहे हे आम्हाला कधी जाणवलंच नाही.

डेनिस एका रविवारी सकाळी सायकलवरून पाव आणायला गेला आणि परत आला नाही. टेम्पो होता. एवढंच लिहिते, जास्त लिहायला बसले तर हे सगळं प्रकरण त्याचंच होईल आणि ते मला आजही झेपत नाही. तो माझ्याहून लहान, नुकताच कारखान्यात पपांच्या हाताखाली लागलेला. त्यानंतर आमच्या घरात पाव म्हणून आला नाही. आई सकाळ-संध्याकाळ तांदळाच्या पिठाच्या हातभाकऱ्या थापायची, तव्यावर सुके बोंबील भाजायची, बाटलीमसाला घालून चिंचेचं कालवण करायची, आणि सगळं तसंच थाळ्यांत राहायचं. पपांनी रंधा माळ्यावर टाकला आणि देवळात जायचं सोडलं. भांडण नाही, शिवीगाळ नाही, देवाला बोल लावणं नाही. मिस्साची घंटा झाली की हा माणूस कूस बदलून भिंतीकडे तोंड करायचा. आई डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्यात थांबायची. ‘अवो, चला ना.’ मग ती एकटीच जायची, आणि मागच्या बाकावरची कुजबूज ऐकून एकटीच यायची. मला पपांची दया यायची, नाही असं नाही, पण दयेपेक्षा राग जास्त यायचा. डेनिस गेला होता, पण मी होते ना घरात! शिकलेली, दवाखान्यात औषधं द्यायच्या कामाला जाणारी, चांगली धडधाकट पोरगी हातात थाळी घेऊन उभी, आणि हे आपले भिंतीशी लगीन लावून बसलेले.

मराठवाड्यात भूकंप झाला तो त्याच वर्षी. टीव्हीवर ती दगडमातीचे ढिगारे झालेली गावं दिसायची, आई जेवताना टीव्ही बंद करायची. आमच्या देवळातले फादर हेन्री वयाने तरुण, उत्साह एवढा की सांगायची सोय नाही. सँडल झिजवत त्यांनी आळी पालथी घातली आणि एका गावातल्या काही घरांचं काम देवळाच्या नावावर घेऊन टाकलं. मला न्यायला म्हणून ते आमच्याकडे आले. मलमपट्टी येते, बायकांशी बोलता येतं, तू चल, म्हणाले. आईने चहा दिला. फादर बशीत ओतून फुंकत फुंकत सांगत होते, विटा मिळाल्या, पत्रे मिळाले, गवंडी तिथलेच आहेत, पण दारांच्या चौकटींचं काही जमत नाहीये. पपा पलीकडे नेहमीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून पडलेले.

‘लाकूड कुठलंय?’ पपा म्हणाले.

आम्ही तिघंही दचकलो. फादर म्हणाले, ‘काय म्हणालास, बस्त्याव?’

‘लाकूड. कुठलं देताय?’

‘सालाच्या झाडाचं. कल्याणच्या एका वखारवाल्याने देऊ केलंय.’

‘ओलं असणार,’ पपा म्हणाले. ‘वखारवाले फुकट देतात ते ओलंच देतात.’ आणि उठून बसले. आईने हातातला चमचा तसाच पदरात धरून ठेवला, खाली ठेवला तर आवाजाने हा माणूस पुन्हा आडवा होईल अशी भीती वाटल्यासारखं.

अंगणात लाकूड येऊन पडलं आणि आमच्या घराला पुन्हा तोंड फुटलं. पपा कारखान्यातून आले की चहाही न घेता कामाला बसायचे. करवत, हातोडी, आणि माळ्यावरून उतरवलेला तो रंधा. लाकूड चिकटवायचा सरस शिजवल्याचा वास, म्हणजे मेलेल्या जनावराचा वास, घरभर. आई नाकाला पदर लावून हसायची. ज्यांच्या पापडांवर भुसा उडायचा त्याच बाया आता चहाची किटली घेऊन यायच्या. नौपाड्यातून एक जुने गिऱ्हाईक येऊन पटाशांना धार लावून देऊन गेले. पपा जेवायला लागले. एके दिवशी त्यांनी बोंबील आणखी मागितला, तर आई आत जाऊन रडून आली. एक गोष्ट फक्त नवी होती. चौकटीची वरची पट्टी बसवताना जवळ कुणी आलेलं त्यांना चालत नसे. ‘जा बाय, आत जा,’ म्हणायचे, आणि पाठ करून बसायचे. मी म्हटलं, असतील काही मेस्त्रीलोकांच्या खोडी. मला तेव्हा गावातली घरं-बिरं सगळी नंतर होती, खरं सांगते. मला पपा हवे होते. त्या चौकटी त्या गावात उभ्या राहिल्या की आमचा हा आडवा झालेला माणूसही उभा राहील, असं माझं सरळ गणित होतं, आणि त्या गणितात काही वाकडं होऊ नये म्हणून मी कधी नव्हे ती रोज गुडघे टेकून जपमाळ म्हणत होते.

आळीतून जमवलेली आमची तुकडी चौकटींच्या आधी एसटीने गेली. निघण्यापूर्वी फादरनी सगळ्यांना देवळाच्या आवारात उभं करून बजावलं. गळ्यातले क्रूस शर्टाच्या आत. जपमाळ पिशवीत. प्रार्थना म्हणायची ती मनात. कुणाला पदक द्यायचं नाही, चित्र द्यायचं नाही, ‘देव तुमचं भलं करो’ एवढंसुद्धा म्हणायचं नाही. का, तर गावात आमच्या आधीच बातमी पोचलेली, की हे घर देतात आणि धर्म घेतात. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आम्ही ठाण्याहून विटा उचलायला निघालोय आणि वर हे? पण गावात पोचल्यावर माझं तोंड आपोआप बंद झालं. माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती, आणि शेडमध्येही नाही, शेडच्या बाहेर. डोक्यावर काहीही आलं की त्यांचा जीव गुदमरायचा. जुनं गाव पलीकडे तसंच पडलेलं. दगडाच्या रुंद भिंती आणि वर मातीचं माळवद, ते सगळं झोपलेल्या माणसांवर बसलेलं. मधेमधे मात्र सागवानी चौकटी उभ्या होत्या. मागे घर नाही, पुढे अंगण नाही, नुसती चौकट.

तशा एका चौकटीत उभी असल्यामुळे गयाबाई वाचलेली. पाण्याला उठली होती, दारापर्यंत पोचली आणि मागे सगळं खाली आलं. आत तिची दोन लेकरं. ती मला हे गवारी मोडता मोडता सांगत होती, मधेच शेंग किडकी आहे म्हणून टाकतही होती. मी तिच्या पायाची जखम बांधायला रोज जायचे. मला तिची थोडी भीतीच वाटायची. रडणाऱ्या बाईला काय म्हणायचं ते सुचतं तरी, ही रडतच नव्हती.

एकदा पट्टी बांधून झाल्यावर तिने माझं मनगट धरलं. ‘पोरी, खरं सांग. ह्या नव्या घरात तुमचं काही घालणार न्हाई ना?’

‘आमचं म्हणजे काय, मावशी?’

‘तुमचा देव. माझे देव म्या हातानं उकरून काढलेत ढिगाऱ्यातून. टाक वाकडे झालेत, तरी हायेत. त्यांना आता दुसऱ्याच्या घरात पाहुण्यावानी ऱ्हायला लावू नका.’

‘नाही मावशी. काही नाही. फादरनी शब्द दिलाय.’

‘त्यांचा न्हाई, तुजा पाहिजे. भाऊ हाय का तुला? भावाची आण घे.’

मी म्हटलं, ‘होता.’

तिने माझ्याकडे पाहिलं. मनगट सोडलं. ‘मग ऱ्हाऊ दे आण. तुजा शब्द बास हाय,’ म्हणाली. मग मी तिला डेनिसचं सगळं सांगितलं. सायकल, पाव, टेम्पो. घरी त्याचं नाव निघत नसे, आणि या परक्या बाईजवळ मी नळ सोडल्यासारखी बोलत सुटले. ती गवार मोडत ऐकत होती. ‘आन् बाप?’ तिने विचारलं. मी म्हटलं, ‘तुमच्या चौकटी तोच करतोय.’

चौकटींचा ट्रक आला तेव्हा पपा ड्रायव्हरशेजारी बसून आले. गळ्याला रुमाल, दाढी केलेली, आणि मला बघून त्यांनी हात हलवला. त्यांनी हात हलवला याचाच मला इतका आनंद झाला की मी पळत गेले. गाव जमलेलं. सरपंचाला सगळे तात्या म्हणायचे, जाड भिंगाचा चष्मा, आवाज मऊ. तात्यांनी एका चौकटीवरून हात फिरवला आणि ‘काम भारी हाय’ म्हणाले. पपा लाजले. मला वाटलं, सुटलो बाबा. पोरं ट्रकमधून चौकटी खाली देत होती, खालची झेलून लिंबाखाली लावत होती, आणि तेवढ्यात एक निसटली. वरची पट्टी दगडावर आपटली, पट्टीच्या मधोमध सरसाने बसवलेला एक तुकडा टक्कन उडाला, आणि आतल्या खाचेतून बोटाएवढा काहीतरी वाळका, पिवळा जिन्नस मातीत पडला. मी ओळखला. आमच्याकडचं कुठलंही पोर ओळखेल. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी देवळात आशीर्वाद दिलेल्या झावळ्या मिळतात, त्यांची पात फाडून, दुमडून केलेला क्रूस होता तो.

आमच्या आळीतल्या सुतारांची ही जुनी चाल. दाराची चौकट केली की वरच्या पट्टीत खाच पाडायची, त्यात असा एक झावळीचा क्रूस ठेवायचा, वरून तुकडा बसवून रंधा मारायचा. बाहेरून दिसायला काही नको. बाहेर गेलेलं माणूस त्याच दारातून परत आत यावं म्हणून. आमच्या लोकांनी आमच्या लोकांसाठी केलेली गोष्ट. पपांनी कधी नौपाड्यातल्या कुणाच्या दारात असं केलं नव्हतं. त्या वरच्या पट्टीला हिंदूंच्या घरात गणेशपट्टी म्हणतात, मधोमध गणपती असतो, हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? उभ्या जन्मात शेकड्याने गणपती कोरून दिलेला माणूस. आणि नेमकं तिथेच!

तात्यांनी तो क्रूस उचलला, तळहातावर घेतला, चष्मा वर करून पाहिला. ‘फादरसाहेब,’ ते म्हणाले, ‘गणपतीच्या जागेवर हे काय घातलाव तुमी?’

फादर हेन्रींच्या तोंडचं पाणी पळालं. मागून कुणीतरी ओरडलं, सांगत नव्हतो तुम्हाला? दुसरा म्हणाला, ट्रक परत धाडा. एका बाईने पोराला ओढून मागे घेतलं, जणू त्या चौकटीतून काही लागणार होतं. फादर म्हणाले, एकाच चौकटीत चुकून राहिलं असेल, जुन्या लाकडातलं असेल. तेवढ्यावर भागलं असतं कदाचित. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण तात्यांनी पपांकडे पाहून विचारलं, ‘मेस्तरी, एकातच हाय का?’

‘सगळ्यांत आहे,’ पपा म्हणाले.

‘बस्त्याव!’ फादरचा आवाज फाटला. ‘मी गावाला शब्द दिलेला!’

‘मी नव्हता दिला,’ पपा म्हणाले.

‘मी दिलेला, पपा,’ मी म्हणाले. ‘मी दिलेला यांना शब्द.’ माझ्या अंगाची लाही लाही होत होती. लाज फादरची नव्हती, गावाचीही नव्हती. गयाबाई लिंबाला टेकून उभी होती आणि तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं, त्याची होती. पपांनी माझ्याकडे पाहिलं मात्र. इतक्या महिन्यांत प्रथमच त्यांनी मला नीट पाहिलं असेल, आणि ते अशा वेळी.

गयाबाई लंगडत पुढे आली. तिला त्या गावात सगळे वाट द्यायचे, जिचं गेलंय तिला देतात तशी. तिने तात्यांच्या हातातला क्रूस घेतला नाही, नुसता बोटाने दाखवला.

‘कशासाठी असतंय हे, मेस्तरी?’

‘बाहेर गेलेलं माणूस घरी परत यावं म्हणून.’

‘तुमच्या घरच्या चौकटीत हाय?’

‘आहे. मीच घातलंय.’

‘आन् तुमचं पोरगं? आलं परत?’

मला वाटलं मातीने मला पोटात घ्यावं. ते डेनिसचं मी तिला सांगितलं होतं, माझ्या तोंडून गेलेलं. पपा म्हणाले, ‘नाही आलं.’

‘मग आमच्यात कशाला घातलंत?’

ती भांडत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पपा आपल्या हातांकडे बघत राहिले, सरस लागून लागून काळ्या पडलेल्या बोटांकडे. ‘मला दुसरं काही येत नाही, बाई,’ ते म्हणाले.

गयाबाईने त्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘काढा.’ आणि तात्या म्हणाले, ‘गावासमोर काढा. सगळ्यांतलं. मग बघू ठेवायच्या का न्हाई ते.’

पपांनी पिशवीतून पटाशी काढली. एकेक चौकट आडवी घ्यायची, वरच्या पट्टीतला तुकडा शोधायचा, तो असा बेमालूम बसवलेला की त्यांनाही बोटाने चाचपून शोधावा लागायचा, पटाशी घालून हातोडीचा एक ठोका, तुकडा वर. आत क्रूस. तो काढून माझ्या पसरलेल्या रुमालात ठेवायचा. तुकडा परत बसवायचा. गाव उभं राहून बघतंय. कुणी बसलं नाही, कुणी घरी गेलं नाही. फादर जरा लांब पाठ करून उभे होते, आणि त्यांचे खांदे बघून मला त्यांचीही दया आली. बिचाऱ्याने केवढी धावाधाव केलेली. एकदा ठोका चुकून पपांच्या अंगठ्यावर बसला, रक्त आलं. मी बोळा काढला तर म्हणाले, ‘राहू दे, बाय.’ एवढंच बोलले ते माझ्याशी. मी रुमाल धरून त्यांच्याशेजारी मातीत बसले होते. मघाचा राग कुठे गेला ते मला कळलं नाही.

सगळं झाल्यावर तात्यांनी स्वतः एक-दोन चौकटी तपासल्या आणि ‘उद्या बसवायला घ्या’ म्हणाले. काही घरांनी तरीही नको म्हटलं, त्यांनी पुढे लोखंडी चौकटी आणवल्या. फादरनी पपांना सकाळच्या गाडीने परत जायला सांगितलं. पुढल्या वर्षी फादरची बदली झाली, आणि देवळाने पुन्हा कुठल्या गावचं काम हातात घेतलं नाही. करायला गेलो काय आणि उलटे झाले पाय, अशी आमच्या त्या सेवेची गत. घरी आईला सांगितलं तर ती तांदूळ निवडत राहिली. मग कळलं, तिला ठाऊक होतं. घरच्या अल्तारामागच्या, आमच्या देव्हाऱ्यामागच्या म्हणा, झावळ्या संपत चाललेल्या तिने पाहिल्या होत्या. वर मलाच म्हणाली, ‘त्यानं देवाचं काय तरी हातात घेतलेलं. मी त्याला काय सांगू, खाली ठेव म्हणून?’

मी हल्ली डोंबिवलीला मानपाड्याकडे राहते, मुलाच्या फ्लॅटमध्ये. दाराला ग्रॅनाइटची चौकट, त्यात खिळा जात नाही तर खाच कुठून पडणार. सोसायटीत कुणी दाराबाहेर काय लावावं यावर मीटिंगा होतात, लोक हमरीतुमरीवर येतात, आणि मी खुर्चीत बसून त्या लिंबाखालचं गाव आठवत असते. गावाचं बरोबर होतं. पपांची बाजू घ्यायचा मोह मला अजून होतो, बापच तो, पण पपा चुकलेच होते. त्या लोकांकडे त्यांचं म्हणून वाकडे झालेले टाक तेवढे उरलेले, तिथे न विचारता आपलं घुसवायचं नसतं, मग ते कितीही मायेने केलेलं असो. माझ्या सुनेला हे सांगितलं तर ती म्हणते, आई, मग तुम्ही तुमच्या पपांवर अजून रागावलाय का? काय सांगू तिला. पपा पुढे देवळात जायचे ते नाताळला आणि ईस्टरला, आईला बरं वाटावं म्हणून, आणि दाराजवळच उभे राहायचे. रंधा मात्र परत माळ्यावर गेला नाही.

त्या दिवशी गाव पांगल्यावर आम्ही दोघंच लिंबाखाली राहिलो. पपांच्या हातात तो रुमाल, झावळीच्या क्रुसांचं गाठोडं. आशीर्वाद दिलेली झावळी टाकून देता येत नाही, पायदळी येऊ द्यायची नाही, ती जाळायची असते. घरी असती तर देवळात नेऊन दिली असती. इथे कुठे जाळणार? या गावात आता काडी ओढायची तरी सोय राहिली होती का? मी म्हटलं, घरी घेऊन जा. ‘घरी नको,’ पपा म्हणाले. गाठोडं या हातातून त्या हातात करत तसेच उभे.

गयाबाईची शेड समोरच होती. ती दारात वाकून चूल पेटवत होती. ‘काय झालं, पोरी?’ तिने तिथूनच विचारलं. मघापासून पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. मी जवळ जाऊन सांगितलं, की हे टाकता येत नाही, जाळावंच लागतं.

‘जाळायचंच ना? मग चुलीत घाला. मला च्या ठेवायचाच हाय.’

पपा माझ्याकडे बघायला लागले. मी काय सांगणार? ते हळूहळू आले, चुलीपाशी उकिडवे बसले, गाठोडं सोडलं आणि एकेक क्रूस जाळात घालायला लागले. वाळकी पात, भुरकन पेटायची आणि वळायची. गयाबाईने भांडं ठेवलं, पाणी ओतलं, गूळ टाकला. निम्मे झाले असतील आणि पपांचा हात थांबला. त्यांच्या घशातून एक आवाज आला, मी कधी ऐकला नव्हता असा. डेनिसच्या मातीलाही हा माणूस रडला नव्हता. त्यांनी झटकन तोंड फिरवलं, शेडच्या पत्र्याकडे, आमच्या घरी भिंतीकडे करायचे तसंच, आणि खांदे गदगदायला लागले. मी पुढे झाले तर गयाबाईने हातानेच मला मागे सारलं.

‘हिकडं तोंड करा, मेस्तरी,’ ती चुलीत फुंकर घालत म्हणाली. ‘पत्र्याला काय कळतंय? हिकडं करा आन् रडा. कुणी इचारलंच तर धूर झाला म्हणू.’

आणि शेजारच्या ढिगातलं एक ओलं लाकूड तिने चुलीत सारलं.